खिडकीतून येणारे हुकूम

नाशिक रोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं तरी नोटांचा कारखाना डोळ्यांपुढे येतो. सावळीराम बोरस्ते त्या प्रेसमधून रिटायर झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरी आल्यावर त्यांनी घड्याळ मागून उघडलं, आत घड्याळाचंच मशीन आहे याची खात्री केली आणि मगच खिळा ठोकला.

माणूस निफाडकडचा. शेत भावांनाच पुरेना, म्हणून तरुणपणी प्रेसमध्ये चिकटला. काम होतं छापून आलेल्या कागदांतले दोष शोधायचं. कुठे रंग फिका, कुठे रेघ तुटलेली. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका हुडकायच्या आणि घरी निघताना गेटवर हात वर करून स्वतःची झडती द्यायची. उभा जन्म यात गेला. त्यामुळे असेल किंवा जन्मतःच असेल, पण सरळ सांगितलेली गोष्ट सरळ असेल यावर त्यांचा विश्वास बसत नसे. दारावर कोणी आलं की आधी बाजूच्या खिडकीतून चपला बघायचे. त्यांची बायको कुसाबाई म्हणायची, “यांना पांडुरंग भेटला ना, तरी म्हणतील, पास दाखव.”

मुलगी स्नेहल शाळेत असताना, म्हणजे शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला, कॉलनीजवळ पहिला कॉम्प्युटर क्लास निघाला. तिने नाव घालायचा हट्ट धरला. सावळीराम क्लासच्या मागच्या बाकावर आठवडाभर जाऊन बसले. तिथल्या सरांना पडद्यावरचं काय खरं आणि काय खोटं, असं विचारून त्यांनी हैराण केलं. शेवटी सरच म्हणाले, “नाना, तुम्हीच परीक्षा द्या.” त्यानंतर स्नेहलला एकटीला जाऊ दिलं.

ती पुढे इंजिनियर झाली आणि नाशकातल्याच एका संस्थेत लिनक्स शिकवायला लागली. लिनक्स ही अशी ऑपरेटिंग सिस्टीम की तिच्या पोटातलं सगळं कोणालाही उघडून वाचता येतं, बदलताही येतं. सावळीरामांना हे कळलं त्या दिवशी जेवताना त्यांनी घास तसाच हातात ठेवला.

“कोण बनवतं हे?”

“जगभरातले लोक, नाना.”

“पगार कोण देतं त्यांना?”

“बऱ्याच जणांना कोणीच देत नाही.”

“मग त्यांना पाहिजे काय?”

स्नेहलला उत्तर देता आलं नाही. सावळीरामांनी मान हलवली. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं.

दोन हजार पाच साली कुसाबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचाही जवळजवळ गेली. ‘हो’, ‘नको’, ‘पाणी’ असे चार-दोन शब्द तेवढे उरले. दिवसा त्यांच्याजवळ बसायला आक्काबाई यायला लागली. ती सातपूरला राहायची, तिचा नवरा काळू तिकडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर होता. आक्काबाई दोन बस बदलून यायची, कुसाबाईंना ‘माई’ म्हणायची आणि त्यांच्या डोळ्यांवरून त्यांना काय हवंय ते ओळखायची. सावळीराम तिच्या पिशवीकडे रोज एक नजर टाकायचे. ती ते बघायची आणि पिशवी खुंटीला अडकवून कामाला लागायची.

कुसाबाईंना टीव्ही आणि भजनं एवढाच विरंगुळा उरला होता. स्नेहलने आपला जुना कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत ठेवला आणि एम.जी. रोडवरच्या एका दुकानातून टीव्हीचं कार्ड आणून त्यात बसवलं. एकाच पडद्यावर चॅनेलही दिसेल, भजनंही लागतील, आणि आई डाव्या अंगठ्याने रिमोट दाबून सगळं स्वतः करेल, असा तिचा बेत होता. कार्ड बसलं, चित्र आलं, आवाज आला. कार्डासोबत आलेला रिमोट मात्र मुकाच राहिला. दुकानदार म्हणाला, “मॅडम, तो विंडोजवरच चालतो. तुमच्या त्या लिनक्सला तो कळत नाही.”

मग कळायला लावू, असं स्नेहलने ठरवलं.

रिमोटचं प्रत्येक बटण डोळ्यांना न दिसणारा उजेड एका ठरावीक चालीने लुकलुकवतं. कार्डाला जोडलेला छोटा रिसीव्हर ती चाल टिपतो. पण अमुक चाल म्हणजे आवाज वाढव आणि तमुक म्हणजे चॅनेल बदल, हे ऑपरेटिंग सिस्टीमला समजावणारा एक छोटा प्रोग्रॅम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. स्नेहलला तो असा लिहायचा होता की लिनक्सला रिमोट हा दुसरा कीबोर्डच वाटावा; बटण दाबलं की कळ दाबल्यासारखं व्हावं. संस्थेतून आल्यावर संध्याकाळी ती एकेक बटण दाबायची, पडद्यावर उमटणारा आकडा बघायची आणि त्या आकड्याला अर्थ द्यायची. अडलं की परदेशातल्या जाणकारांना ईमेल करायची. त्यांतला हॅम्बुर्गचा रायनर नावाचा एक गृहस्थ तिला फार मदत करायचा.

“हा रायनर तुझं काम का तपासतो?” सावळीरामांनी विचारलं.

“त्याला आवडतं म्हणून.”

“लग्न झालंय का त्याचं?”

“नाना, त्याला नातवंडं आहेत!”

“असं तो सांगतो.”

कार्डासोबतचा रिसीव्हर अशक्त निघाला, म्हणून रायनरने आपल्याकडचा एक पोस्टाने पाठवला. पाकीट सावळीरामांच्या हाती पडलं. त्यांनी ते उन्हात धरलं, कानाला लावलं, आणि स्नेहल घरी यायच्या आत ते बिटको चौकातल्या पुंजा रेडिओवाल्याकडे नेलं. पुंजाने ती मण्याएवढी काळी वस्तू उलटसुलट केली.

“यात माईक नाय, नाना. ही वस्तू ऐकत नाय. नुसती बघते.”

“बघते?” सावळीराम म्हणाले, आणि घरी येईपर्यंत ती वस्तू त्यांनी रुमालात गुंडाळून ठेवली.

शेवटी एका रविवारी रिमोट चालला. कुसाबाईंनी अंगठा दाबला आणि चॅनेल बदललं. त्यांनी परत दाबलं, परत बदललं. झटक्यानंतर त्या पहिल्यांदा हसल्या, तोंड एका बाजूला ओढलं गेलं तरी हसल्या. स्नेहलने लाल बटणाला घंटी जोडून दिली होती. ते दाबलं की स्वयंपाकघरात ठेवलेल्या स्पीकरवर टणटण वाजायचं. कुसाबाईंनी त्या दिवशी कारण नसताना कितीदा तरी घंटी वाजवली आणि सावळीराम दर वेळी धावत आले.

दोन आठवडे बरे गेले. मग विचित्र प्रकार सुरू झाले.

दुपारी कुसाबाई कीर्तन ऐकत असताना मध्येच बातम्या लागायच्या. आवाज आपोआप वाढत जायचा. घंटी वाजायची, सावळीराम धावत जायचे तर कुसाबाई डोळे मोठे करून म्हणायच्या, “नको. नको.” म्हणजे मी वाजवली नाही. आक्काबाई शेजारी भाजी निवडत बसलेली असायची.

“तू हात लावला का रिमोटला?”

“मी कशाला लावू, नाना? मला त्यातलं काय कळतं?”

सावळीराम बघत राहिले. दुपारीच होत होतं. संध्याकाळी डासांमुळे खिडक्या लावल्या, आक्काबाई बसला गेली, स्नेहल घरी आली की सगळं सुरळीत. रविवारी आक्काबाईला सुट्टी असायची आणि दुपारभर सगळे मिळून पुढच्या खोलीत असायचे, त्यामुळे कॉम्प्युटर बंदच असायचा. हिशोब सरळ होता. बाईला आपली मालिका बघायची असते आणि आजारी बाईच्या आड ती बघते, असं त्यांच्या मनाने घेतलं.

त्यांनी स्नेहललाही सांगितलं. ती म्हणाली, “नाना, माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक असू शकते.”

“मग तुझी चूक संध्याकाळी कुठं जाते?”

वर्गाच्या परीक्षा चालू होत्या. रविवारी बघते म्हणाली, आणि राहून गेलं.

सावळीरामांनी सापळा लावला. जेवणानंतर कुसाबाईंचा डोळा लागल्यावर त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरवली. दाराआड उभे राहिले. थोड्याच वेळात घंटी वाजली. आत गेले तर पावडर जशीच्या तशी, बोटाचा ठसा नाही. दुसऱ्या कोणाला यावरून काही कळलं असतं. सावळीरामांना एवढंच कळलं की बाई फार हुशार आहे. हिच्याजवळ दुसरा रिमोट असणार.

“पिशवी दाखव,” ते म्हणाले.

आक्काबाई उठली. तिने पिशवी पलंगावर उलटी केली. डबा, कंगवा, बसचा पास, काळूसाठी घेतलेली खोकल्याची बाटली. मग तिने पदर झटकला, दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, “घ्या. अजून कुठं बघायचंय?”

कुसाबाई पलंगावरून “नको, नको, नको” करत राहिल्या. ते कोणाला उद्देशून आहे हे समजायला दोघांनाही वेळ लागला नाही. आक्काबाईने वस्तू भरल्या, माईंच्या तोंडावरून हात फिरवला आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. कुसाबाईंनी दोन दिवस सावळीरामांच्या हातून पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

तिसऱ्या दुपारी सावळीराम स्वतः खोलीत बसले होते. रिमोट त्यांच्या खिशात होता. कीर्तन चालू होतं आणि घंटी वाजली.

ते जागचे हलले नाहीत. काही वेळाने चॅनेल बदललं. घरात तिसरं माणूस नव्हतं. त्यांनी संस्थेत फोन लावला आणि स्नेहलला म्हणाले, “आत्ताच्या आत्ता ये.” आवाज असा होता की ती आईला काही झालं म्हणून रिक्षा करून आली.

तिने कॉम्प्युटरच्या पडद्यावर हुकूम लिहायची काळी खिडकी उघडली आणि ड्रायव्हरला सांगितलं की येणारी प्रत्येक चाल आकड्यांत दाखव. दोघं बघत बसले. रिमोट टेबलावर होता. पडद्यावर एक ओळ उमटली. मग अजून एक.

“तुझं जर्मनी बंद कर आधी!” सावळीरामांनी ओरडून फोनची वायर भिंतीतून उपटली. इंटरनेट त्या वायरीतूनच येत होतं. तरी तिसरी ओळ उमटली.

प्रेसमध्ये दोष कुठून येतो ते कळलं नाही की एकेक गोष्ट बाजूला काढून बघायचे, तसे ते उठले. ट्यूब बंद केली. ओळी येतच राहिल्या. मग खिडकी लावली, पडदा ओढला. ओळी थांबल्या. खिडकी उघडली. समोर हाताच्या अंतरावर म्हणावी अशी शेजारच्या यशोदाबाईंची खिडकी होती, तिच्यात त्यांच्या टीव्हीची पाठ दिसत होती. टीव्हीच्या पलीकडे यशोदाबाई सोफ्यावर बसून हात लांब करून रिमोट दाबत होत्या. इकडे ओळ उमटली, तिकडे मालिकेचं गाणं बदललं.

“मुद्दाम करते!” सावळीराम म्हणाले आणि चपला न घालता यशोदाबाईंच्या दारात गेले.

यशोदाबाईंनी ऐकून घेतलं. “मी माझा टीव्ही लावला की तुमच्याकडं घंटी वाजते? नाना, ऊन लागलं का तुम्हाला? या आत, सरबत देते.” त्या मनापासून काळजीत पडल्या होत्या. सावळीराम त्यांच्या चेहऱ्यात खोट शोधत उभे राहिले आणि त्यांना ती मिळाली नाही.

परत आले तर स्नेहल डोकं धरून बसली होती.

“नाना, चूक माझीच आहे. रिमोटमधून निघालेल्या चालीत दोन भाग असतात. एक, हुकूम काय आहे. दुसरा, हुकूम कोणासाठी आहे, म्हणजे टीव्हीसाठी की दुसऱ्या कशासाठी. मी फक्त हुकूम वाचला. तो कोणाच्या नावाचा आहे ते बघितलंच नाही. यशोदाकाकू त्यांच्या टीव्हीला बंद हो म्हणाल्या की आपली घंटी वाजते.”

सावळीराम पलंगाच्या कडेला बसले. कुसाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. स्नेहलने मोबाइल काढला, त्याचा कॅमेरा रिमोटच्या टोकासमोर धरला आणि बटण दाबलं. मोबाइलच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला. मोबाइल बाजूला केला तर नुसत्या डोळ्यांना काही दिसेना. सावळीरामांनी तो प्रकार स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा करून बघितला.

“हा मोबाइल उद्या मला लागेल,” ते म्हणाले. “आणि रिमोटही.”

दुसऱ्या दिवशी शेजारणीला कुसाबाईंजवळ बसवून ते सातपूरला गेले. खोली शोधायला वेळ लागला. आक्काबाई दारात धुणं वाळत घालत होती. त्यांना बघून ती जागीच थांबली.

“आता काय हरवलं?”

“काही हरवलं नाय. तुम्हाला दाखवायचंय.” त्यांनी तिला पहिल्यांदाच ‘तुम्ही’ म्हटलं होतं. ते तिच्या लक्षात आलं, आणि तिचा चेहरा अजूनच सावध झाला.

काळू घरीच होता. त्याने स्टूल पुढे केलं, पण सावळीराम बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी खिडक्यांची, यशोदाबाईंची, दोन भागांच्या हुकमाची सगळी हकीकत सांगितली. काळू मध्येच म्हणाला, “उजेड हाय आणि दिसत नाय, असं कसं?” तेव्हा त्यांनी मोबाइल धरला आणि बटण दाबलं. काळू वाकून बघत राहिला. मग आक्काबाईनेही बघितलं.

“दिसतोय,” ती म्हणाली. “मशीनमधून का होईना, दिसतोय. पण नाना, तुम्हाला माझा हात दिसला होता का कुठं?”

सावळीरामांनी मोबाइल खिशात ठेवला.

“नाय,” ते म्हणाले. “नाय दिसला. चुकलं माझं. लय चुकलं.”

“माईनं पाठवलं का तुम्हाला?”

“तिला बोलता येत नाय. पण जेवत नाय ती.”

आक्काबाईने राहिलेली चादर तारेवर टाकली, चिमटे लावले. “मी कामाला नाय येणार. इथंच जवळ एका घरी धरलंय मी काम. तिथं पिशवी नाय बघत कोणी.” आणि मग, आत वळता वळता, “माईला भेटायला येईन. रविवारी. तिच्यासाठी.”

स्नेहलने त्या आठवड्यात ड्रायव्हर दुरुस्त केला. आता तो आलेल्या प्रत्येक हुकमावरचं नाव आधी बघायचा, आणि दुसऱ्याच्या नावाचा असेल तर गुपचूप सोडून द्यायचा. खिडकी उघडी ठेवून दुपारभर कुसाबाईंनीच तो तपासला. समोर यशोदाबाई कौतुकाने सगळी बटणं दाबून बघत होत्या आणि इकडे कीर्तन हलत नव्हतं. दुरुस्ती रायनरकडे पाठवताना, ती कोणी तपासली हे लिहायच्या जागी स्नेहलने आईचं नाव घातलं.

“तिचं नाव कशाला परदेशी पाठवतेस?” सावळीरामांनी लगेच विचारलं. “उद्या कोणी सही मागितली तर?”

“कोणी मागणार नाही, नाना.”

“हो,” कुसाबाई पलंगावरून म्हणाल्या. पाठव, असा त्याचा अर्थ होता. नाव गेलं. काही महिन्यांनी लिनक्सची नवी आवृत्ती आली तेव्हा त्या दुरुस्तीसोबत ‘कुसाबाई बोरस्ते, नाशिक रोड’ असं रोमन अक्षरांत छापून आलं. सावळीरामांनी भिंग लावून स्पेलिंग तपासलं. बरोबर होतं.

दुसरी बाई ठेवायचा विषय निघाला, पण सावळीरामांनी तो बंद केला. कुसाबाईंना उठवणं, भरवणं, वेणी घालणं ते स्वतःच शिकले. पहिली वेणी इतकी वाकडी आली की कुसाबाईंनी खुणेने आरसा मागून घेतला. सावळीरामांचा स्वभाव काही पालटला नाही. गॅसवाल्याचं सिलिंडर ते अजून काट्यावर ठेवून घेत आणि रायनरच्या नातवंडांचे फोटो आले तेव्हाही ते म्हणाले की फोटो कोणाचेही असू शकतात. पण कोणाला तोंडावर बोलायच्या आधी ते आता थांबायचे, इकडेतिकडे बघायचे, आणि पुष्कळदा तसेच परत फिरायचे. कॉलनीत काहींच्या हे लक्षात आलं. काहींना वाटलं, नाना म्हातारे झाले.

आक्काबाई रविवारी यायला लागली. दर रविवारी नाही, पण यायची. ती आली की कुसाबाई रिमोट उचलायच्या आणि तिची मालिका लावायच्या; मग सावळीरामांकडे अशा नजरेने बघायच्या की ते मुकाट्याने स्वयंपाकघरात जायचे. पहिल्या रविवारी त्यांनी चहा करून आणला. आक्काबाईने कप घेतला, आत जरा निरखून बघितलं, कुसाबाईंकडे बघितलं, आणि मग पहिला घोट घेतला.

“साखर जास्त झाली,” ती म्हणाली.

“पुढच्या खेपेला कमी टाकतो,” सावळीराम म्हणाले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून तेही मालिका बघायला लागले.